मटेरियल सायन्सची प्रयोगशाळा मोडीत काढू नका : अभ्यासक्रम मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
अभियांत्रिकी अभ्यासक्रम मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमात मटेरियल सायन्सची प्रॅक्टिकल्स ‘व्हर्च्युअल लॅब’वर घ्यायला मुभा दिली जात आहे. त्यासाठी खर्च आणि सुरक्षितता अशी दोन कारणे तुम्ही देता. या मुभेचा अर्थ बहुतेक ठिकाणी एकच लावला जातो. भट्टी बंद होते, पॉलिशिंगची चाके कोपऱ्यात जातात, यूटीएमवर (नमुना ताणून तोडणाऱ्या मशीनवर) कापड पडते आणि मुलांच्या हाती लॉगिन दिले जाते. धातूची रचना चित्रात बघायची, कठीणपणाचा आकडा बटण दाबून मिळवायचा आणि शेवटी पर्यायी प्रश्नांची चाचणी देऊन मोकळे व्हायचे. यालाच आधुनिकीकरण म्हटले जाते. आम्ही हा विषय शिकवतो, त्याच्या प्रयोगशाळा चालवतो आणि उद्या कारखान्यात जाऊन पार्ट का तुटला हे सांगणारी मुले घडवणे ही आमची जबाबदारी आहे. त्यामुळे हा निर्णय आम्हाला गप्प बसून स्वीकारता येत नाही.

आमचे संगणकाशी भांडण नाही, हे आधीच सांगतो. फळ्यावर एफसीसी या अणुरचनेचा घन काढून त्यातले (१११) प्रतल समजावणे किती जिकिरीचे असते, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक. व्हेस्टासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तोच घन फिरवला की अणू सर्वांत दाट कुठे बसले आहेत हे मुले स्वतः बोट ठेवून दाखवतात. फटीगच्या (पुन्हा पुन्हा भार देण्याच्या) चाचणीत १ कोटी आवर्तने ५० हर्ट्झने पूर्ण करायला ५५ तासांहून जास्त लागतात, क्रीपच्या (सततच्या भाराखाली सावकाश ताणण्याच्या) चाचण्या तर हजारो तास चालतात. हे प्रयोग दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसणारच नाहीत, ते तयार विदेवरूनच शिकवावेत. हायड्रोफ्लोरिक आम्ल लागणारे एचिंगही (रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग आम्लाने किंचित खाणे) पदवीच्या मुलांनी चित्रातच पाहावे. शिकवण्याची पद्धत बदलावी याचाही पुरावा आहे. २०१४ साली २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांत नुसते व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नापास होण्याचे प्रमाण, वर्गातच प्रश्न सोडवत शिकणाऱ्यांच्या दीडपट असल्याचे त्यात दिसले. म्हणून जुने जसेच्या तसे राहू द्या, अशी आमची मागणी नाही. पडद्यावरचे साधन नमुन्याच्या आधी वापरा, नंतर वापरा. नमुन्याच्या जागी वापरू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिली तक्रार आहे ती स्वच्छ आकड्यांबद्दल. व्हर्च्युअल टेन्साइल टेस्टमध्ये स्टीलचा यंग मॉड्युलस (ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप) दर वेळी २००-२१० गिगापास्कल येतो, कारण तो आकडा प्रोग्रॅममध्ये आधीच भरलेला असतो. खऱ्या यूटीएमवर काय होते ते पाहा. नमुना १२.५ मिमी व्यासाचा, गेज लांबी ५० मिमी. स्ट्रेस २०० मेगापास्कलवर न्यायला सुमारे २४.५ किलोन्यूटन भार लागतो आणि तेवढ्या भाराला गेज लांबी वाढते फक्त ०.०५ मिमी. नमुना ओढणारा क्रॉसहेड मात्र तोवर त्याच्या कितीतरी पट सरकलेला असतो. जबडे नमुन्यात रुतून बसतात, पकड किंचित घसरते, मशीनची चौकट स्वतः ताणली जाते. क्रॉसहेड ०.४ मिमी सरकला आणि मुलांनी तेच ५० मिमीवरचे एक्स्टेन्शन धरले, तर मॉड्युलस येतो २५ गिगापास्कल, म्हणजे खऱ्याच्या आठवा हिस्सा.

हा चुकीचा आकडा हेच त्या प्रॅक्टिकलचे मोल आहे. तो आला की एक्स्टेन्सोमीटर (नमुन्याचीच वाढ मोजणारे साधन) कशासाठी असतो, तो नमुन्यावरच का लावायचा, आलेखाच्या सुरुवातीचा वाकडा भाग कसा दुरुस्त करायचा, हे सगळे प्रश्न मुलांकडूनच येतात. कारखान्यातला चाचणी अहवाल हाती पडल्यावर ‘हे एक्स्टेन्शन कुठून मोजलेय?’ असे विचारणारा अभियंता तिथे तयार होतो. पडद्यावरच्या मशीनला जबडेच नाहीत, मग घसरणार काय?

कठीणपणाचेही तसेच. रॉकवेल सी मोजपट्टीवर, म्हणजे ठसा किती खोल गेला यावरून कठीणपणा मोजताना, एक अंक म्हणजे खोलीतला अवघा २ मायक्रॉनचा फरक. नमुन्याखाली खपली किंवा कण राहिला आणि १५० किलोच्या भाराखाली नमुना २० मायक्रॉन खाली बसला, की १० अंक कमी दिसतात. पदार्थ तोच असतो, चुकलेले असते ते ऐरण पुसणे. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवायचे, कडेपासून अडीचपट आत राहायचे, हे नियम पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाहीत. शेजारी-शेजारी ठसे मारून आकडा वेगळा आला की मग ते विसरत नाहीत.

दुसरी तक्रार सूक्ष्मदर्शकाची, आणि आमच्या दृष्टीने ही सर्वांत गंभीर. तयार चित्रसंग्रह उत्तम आहेत. केंब्रिज विद्यापीठाचा डूआयटीपॉम्स हा मोफत संग्रह आम्हीही वापरतो. पण संग्रहातले चित्र निवडक असते. कोणीतरी दहा जागा टाळून अकरावी टिपलेली असते. मुलांसमोर उद्या जो नमुना येईल, तो त्या टाळलेल्या दहा जागांसारखा असेल.

साध्या कार्बन स्टीलचा नमुना तयार करायचा म्हणजे २२०, ४००, ६००, ८००, १२०० असे पॉलिश पेपर क्रमाने, पाण्याची धार चालू ठेवून. प्रत्येक पेपरला नमुना ९० अंशांत फिरवायचा. आधीच्या पेपरचे ओरखडे दिसेनासे झाले की तिथेच थांबायचे नसते, आणखी तितकाच वेळ घासायचे असते, कारण ओरखड्याच्या खाली दबून बिघडलेला थर शिल्लक असतो. पेपर बदलताना नमुना आणि हात दोन्ही धुवायचे. मग कापडी चाकावर ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. शेवटी २ टक्के नायटल, म्हणजे ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली नायट्रिक आम्ल. आम्ल अल्कोहोलमध्ये ओतायचे, उलट नाही. त्या दिवसापुरतेच बनवायचे आणि घट्ट बूच लावून ठेवायचे नाही. नमुना त्यात ५ ते १५ सेकंद. आरशासारखा पृष्ठभाग जरा मंदावला की लगेच पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग गरम हवा.

यात चुका होतात आणि त्या ओळखणे हेच तर कौशल्य आहे. एचिंगआधी नमुना लखलखीत दिसतो आणि एचिंगनंतर ओरखडे उठतात, याचा अर्थ ४००-६००च्या पेपरला घाई झाली. सगळे काळेठिक्कर झाले तर नायटल जास्त वेळ लागले. पुन्हा १ मायक्रॉनवर जावे लागते. काळा ठिपका दिसला तर तो इन्क्लूजन (धातूत अडकलेला परका कण), खड्डा की पाण्याचा डाग? नमुना एचिंगआधी बघायची सवय असेल तर उत्तर सोपे आहे. इन्क्लूजन तेव्हाही दिसते. खड्डा आहे का हे फोकस किंचित वरखाली केला की कळते, आणि अल्कोहोलने पुसून जातो तो डाग. बीडामध्ये कापडावर जास्त वेळ घासले तर ग्राफाइटच निघून येतो आणि त्या जागी राहिलेले भोक मुले ग्राफाइट म्हणून मोजतात. चित्रसंग्रहावर वाढलेल्या विद्यार्थ्याला हा संशयच येत नाही. त्याच्या लेखी चित्रात जे आहे ते धातूत आहेच.

इथे आधुनिक साधन खरोखर उपयोगी पडते. मोबाइल साध्या पकडीने आयपीसवर बसवा, फोटो घ्या, इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. मात्र त्याच लेन्सने, त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचा फोटो आधी घ्या आणि त्यावरून मोजपट्टी ठरवा. मोबाइलचा झूम मध्येच बदलला की पुढची सगळी मापे चुकतात. जर्नलमध्ये ‘४०० पट’ असे लिहून छापलेल्या चित्राला तसाही काही अर्थ नसतो, कारण छापताना चित्राचा आकार बदललेला असतो. ०.४ टक्के कार्बनचे स्टील असेल तर फोटोवर चौकटी टाकून पांढरे फेराइट (जवळपास शुद्ध लोखंडाचा भाग) मोजायला सांगा. फेज डायग्रामवरून प्रमाण काढणाऱ्या लीव्हर रूलने (०.७६ − ०.४०) भागिले (०.७६ − ०.०२२), म्हणजे सुमारे ४९ टक्के यायला हवे. भट्टीत सावकाश निवलेल्या नमुन्यात त्याच्या आसपास येते, हवेत निवलेल्यात कमी. कमी का? कारण फेज डायग्राम समतोलाची गोष्ट सांगतो आणि हवेत निवणाऱ्या तुकड्याला तितका वेळ मिळत नाही. एकाच प्रॅक्टिकलमध्ये पेपर, आम्ल, मोबाइल, सॉफ्टवेअर आणि लीव्हर रूल एकमेकांना तपासतात. आम्हाला हवे असलेले आधुनिकीकरण ते हेच.

तिसरी तक्रार : सॉफ्टवेअर त्याच्या मर्यादा न सांगता मुलांपुढे ठेवले जाते. मिश्रधातूत समतोलाला कोणते फेज असतील ते काढणाऱ्या थर्मो-कॅल्कच्या मोफत शैक्षणिक आवृत्तीत लोखंड-कार्बन निवडून ग्राफाइट वगळायला विसरले, तर उत्तर फेराइट आणि ग्राफाइट असे येते, आणि मुले तेच जर्नलमध्ये उतरवतात. ग्राफाइट वगळला तरी मार्टेन्साइट (झटकन निवलेल्या स्टीलमधला कडक फेज) त्या आकृतीत नसतोच, कारण तो समतोलातला फेज नाही. पाणी दिलेला (तापवून एकदम पाण्यात बुडवलेला) तुकडा ५५ एचआरसी (रॉकवेल सी अंक) दाखवतो आणि सॉफ्टवेअर म्हणते फेराइट व सिमेंटाइट. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण हे समजावून सांगायला तो पाणी दिलेला तुकडा टेबलावर असावा लागतो.

अणूंच्या सिम्युलेशनचीही हीच गत. लॅम्प्स आणि ओव्हिटो ही सॉफ्टवेअर वापरून तांब्याचा निर्दोष स्फटिक ताणला की काही गिगापास्कलची ताकद दिसते. १९२६ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलने अशा स्फटिकाच्या ताकदीचा कागदावर काढलेला अंदाजही त्याच घरातला होता. तांब्याचा शिअर मॉड्युलस सुमारे ४८ गिगापास्कल, त्याला २π ने भागले की साडेसात येतात. प्रत्यक्षात मऊ तांबे याच्या कित्येक पट कमी ताणाला नमते. या तफावतीचे उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी वेगवेगळे काम करून डिसलोकेशनच्या (स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषाच्या) रूपाने दिले. सिम्युलेशन ही तफावत सुंदर दाखवू शकते, पण त्यासाठी शिक्षकाने सांगायला हवे की पेटीत एकही डिसलोकेशन नव्हते आणि ताणण्याचा वेग प्रयोगशाळेपेक्षा १ वर ११ शून्ये इतक्या पटींनी जास्त होता. हे न सांगता दाखवलेले ॲनिमेशन मुलांच्या डोक्यात चुकीचा आकडा पक्का करते.

साहित्य निवडीच्या सॉफ्टवेअरबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ॲश्बी तक्ता (पदार्थांचे गुणधर्म एकमेकांसमोर मांडणारा आलेख) पडद्यावर उघडण्याआधी तीन भागाकार हाताने करून घ्या. मॉड्युलस भागिले घनता : स्टील २१०/७.८५, ॲल्युमिनियम ७०/२.७, टायटॅनियम ११०/४.५. उत्तरे २६.८, २५.९, २४.४, जवळपास सारखीच. मग वाकणाऱ्या तुळईसाठी मॉड्युलसचे वर्गमूळ भागिले घनता काढा. स्टील १.८५, ॲल्युमिनियम ३.१, आणि धाग्याच्या दिशेने स्प्रूसचे हलके लाकूड साडेसातच्या वर. नुसता ताण घेणाऱ्या दांड्यात ॲल्युमिनियम का जिंकत नाही आणि तुळईत का जिंकते, हे त्या आकड्यांतच आहे. हे झाल्यावर तक्त्यावरची तिरकी रेषा सरकवली तर ती मुलांना कळते. आधीच सरकवली तर मुले फक्त माउस ओढतात.

चौथी तक्रार परीक्षेची. तांबे ओढून तार बारीक केली की ती मजबूत का होते, या प्रश्नावर ‘बंध दाबले जातात’, ‘अणू जवळ येतात’ अशी उत्तरे चांगल्या मुलांकडूनही येतात. पाठांतराच्या पर्यायी प्रश्नांत हा गैरसमज उघडा पडत नाही. त्यासाठी ३ मिमी जाडीची तांब्याची तार पुरते. ती ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. आता ती कडक झाली असेल का, हे आधी मुलांना मतदानाने सांगू द्या. बहुतेक जण हो म्हणतात, कारण स्टीलला पाणी दिले की ते कडक होते एवढे त्यांना पाठ असते. तार मात्र दोन बोटांनी वाकते. आता ती सरळ करायला सांगा. जिथे वाक आला तिथे ती सरळ होत नाही, त्याच्या शेजारची मऊ जागा वाकते आणि तारेला गाठीसारखा बाक राहतो. डिसलोकेशन वाढून एकमेकांत अडकणे म्हणजे काय, हे त्या क्षणी बोटांना जाणवते. तार पुन्हा लाल केली की पुन्हा मऊ. मतदान, चर्चा, प्रयोग, पुन्हा मतदान : एरिक मझूर यांनी हार्वर्डमध्ये रुजवलेली पद्धत हीच, आणि मोबाइलवरची क्विझ तिथे अगदी योग्य जागी बसते. तुम्ही ती शेवटी गुण द्यायला ठेवलीत. तिची जागा प्रयोगाच्या आधी आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात. प्रयोगशाळा सहायकांची रिक्त पदे भरली जात नाहीत, पॉलिश पेपर आणि डायमंड पेस्ट यांसाठी वेगळी तरतूद नसते, आणि एका चाकाभोवती अख्खी बॅच उभी असते. मग ‘प्रयोगशाळा चालत नाही’ हे कारण दाखवून तीच बंद केली जाते. अवस्था कशामुळे झाली हे मंडळाला माहीत आहे.

खर्च आणि सुरक्षितता हे तुमचे दोन मुद्दे आम्ही हलके मानत नाही. म्हणून भट्टीचे एक प्रॅक्टिकल कसे बसवता येते ते मांडतो. ०.४५ टक्के कार्बन स्टीलचे २० मिमी व्यासाचे, १५ मिमी उंचीचे चार तुकडे. भट्टी ८५० अंश सेल्सिअस, तुकडे त्या तापमानाला पोहोचल्यावर अर्धा तास. एक भट्टीतच सोडायचा, एक हवेत विटेवर, दोन पाण्यात. त्यांतला एक पुढच्या तासिकेला ४०० अंशांवर तासभर टेम्परिंगला (कडकपणा थोडा कमी करण्यासाठी पुन्हा तापवायला). लांब चिमटा, तोंडावर पूर्ण फेस शील्ड, चामडी हातमोजे, आणि भट्टीपासून बादलीपर्यंत मोकळी वाट. एकाने उघडायचे, एकाने उचलायचे, बाकीच्यांनी रेषेच्या मागे. हवेतल्या तुकड्याला मधोमध भोक पाडून के-टाइप थर्मोकपल बसवा, वाचने लॅपटॉपवर घ्या आणि तो निवण्याचा आलेख त्या स्टीलच्या सीसीटी आकृतीवर (कोणत्या वेगाने निवले तर कोणती रचना होते हे दाखवणाऱ्या) ठेवा. पहिल्या दोन तुकड्यांचा कठीणपणा रॉकवेल बी मोजपट्टीवर घ्या. २० एचआरसीच्या खालचे आकडे सी मोजपट्टीवर धरायचे नसतात, ही चूक जर्नलांत सर्रास असते. पाणी दिलेला तुकडा ५५ ऐवजी ४० दाखवत असेल तर तीन संशयित : चिमट्यात जास्त वेळ राहिला, पाण्यात हलवला नाही म्हणून वाफेचे आवरण बसले, किंवा वरचा कार्बन गेलेला थर घासून काढला नाही. अर्धा मिलिमीटर घासून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर तिसरा संशयित सापडला. घासताना मात्र पाणी चालू ठेवा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनेच टेम्परिंग होईल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. मेटॅलोग्राफी, उष्णतोपचारासह कठीणपणा, टेन्साइल आणि चार्पी (आघाताची चाचणी) ही चार प्रॅक्टिकल्स प्रत्यक्ष नमुन्यावरच घेणे बंधनकारक करा. व्हर्च्युअल लॅब पूर्वतयारी आणि नंतरच्या विश्लेषणासाठी ठेवा. नियमावलीतला ‘किंवा’ हा शब्द काढा.

२. यंत्रातून निघालेली कच्ची विदा मुलांना साध्या सीएसव्ही फाइलमध्ये मिळाली पाहिजे. नीट केलेला आलेख देऊ नका, तो त्यांना काढू द्या.

३. अभ्यासक्रमात नमूद केलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत ते काय धरून चालते आणि काय दाखवू शकत नाही, याचे एक पानी टिपण जोडा. जिथे मोफत पर्याय पुरतो तिथे परवान्याचे सॉफ्टवेअर सक्तीचे करू नका.

४. प्रॅक्टिकलचे निम्मे गुण अनोळखी नमुना ओळखण्याला आणि स्वतःच्या मापनातली चूक शोधून समजावण्याला द्या. जर्नलमधला आकडा पुस्तकाशी जुळला म्हणून गुण देणे थांबवा.

५. एका चाकामागे चार आणि एका भट्टीमागे सहा विद्यार्थी ही कमाल मर्यादा ठरवा. सहायकांची पदे भरा, आणि पेपर, पेस्ट, रसायने, संरक्षक साहित्य यांसाठी दरवर्षीचे स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा.

६. शिक्षक आणि सहायक दोघांनाही या साधनांचे प्रशिक्षण एकत्र द्या. थर्मोकपल जोडणारा एक आणि आलेख वाचणारा दुसरा, अशी फारकत प्रयोगशाळेत चालत नाही.

७. प्रत्यक्ष प्रॅक्टिकलला पर्याय देण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घेतला, ते लेखी प्रसिद्ध करा आणि हा विषय शिकवणाऱ्यांची मते मागवा. ती प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत एकही भट्टी, पॉलिशिंग चाक, सूक्ष्मदर्शक किंवा यूटीएम निर्लेखित करू नका.

आपले,
मटेरियल सायन्स शिकवणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक